वंगण

गॅरेजचं दार वर सरकताना असं किंचाळायचं, की भाऊसाहेब घरी आल्याचं अख्ख्या गल्लीला कळायचं. शेवटी रविवारी त्यांनी शिडी लावली, दाराची झिजलेली चाकं बदलली, बिजागऱ्यांना पोटभर वंगण पाजलं, आणि दार शहाण्या बाळासारखं गप्प झालं.

सोमवारी संध्याकाळी ते घरी आले, तर कुणाला पत्ताच नाही. गाडी बॅटरीवरची, तिचाही आवाज नाही. त्यांनी स्वयंपाकघरात डोकावलं. आई त्यांचा जुना चष्मा नाकावर चढवून, कमरेवर हात ठेवून त्यांची नक्कल करत होती, "पंखा कुणी चालू ठेवला? या घरात माझं ऐकतंय कोण!" बायको आणि मुलगी हसून हसून गडाबडा लोळायच्या बेतात होत्या.

भाऊसाहेब आल्या पावली मागे फिरले. गॅरेजबाहेर उभं राहून त्यांनी तोंडानेच जोरात आवाज काढला, "कर्रर्रर्र!"

आतलं हसू खटकन थांबलं. खुर्च्या सरकल्या. पंखा बंद झाला.



"आला गं बाई," आई म्हणाली. "एवढं वंगण पाजलं, पण कुरकुर काही गेली नाही!"