भुवईचा केस

"मॅडम, पाच नंबरची डिश गेली. एकही हलत नाही."

भिंगावर वाकलेले तंत्रज्ञ काका हे असं म्हणाले, जणू घरातलंच कुणी गेलं होतं. डिशमध्ये तीस कृमी होते, प्रत्येकी मिलिमीटरभर लांब, आयुष्य जेमतेम तीन आठवड्यांचं. त्यांचं म्हातारपण आणि त्यांची स्मरणशक्ती हा बाईंचा वीस वर्षांचा अभ्यास.

"डिशला टिचकी मारली तर हलत नाहीत ना? मग घाई नको," बाई हातातलं काम न सोडता म्हणाल्या. "काल यांच्या डिशला तीस टिचक्या मारल्या होत्या. काही बिघडलं नाही त्यांचं. ते लक्षात असलं, तर आज कशाला दचकतील? विसरलेले असते तर उडाले असते."

"आणि मेलेले असतील तर?"

"केस लावून बघा."

टूथपिकच्या टोकाला भुवईचा एक केस चिकटवलेला होता. इतका हलका स्पर्श दुसऱ्या कशाला जमत नाही. काकांनी तो अलगद फिरवला आणि कृमी झर्रकन वळला. मग दुसरा. मग तिसरा.

"ठणठणीत आहेत की! मी उगाच खांदा द्यायला निघालो होतो."

"केस जपून वापरा. शेवटचा आहे."

"तुमची डावी भुवई तर सगळी विज्ञानाला गेली, मॅडम. उजवी तरी घरच्यांसाठी ठेवा."

एरवी बाई हसल्या असत्या.

संध्याकाळी त्या घरी आल्या तेव्हा दादा आईच्या खोलीत खुर्ची ओढून बसला होता. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"वृद्धाश्रमातून फोन आला होता," दादा म्हणाला. "खाट रिकामी झालीये. शुक्रवारी दहाला गाडी पाठवतात."

"हळू बोल."

"कुणासाठी? तिला काही कळत नाही, हे तूच सांगतेस ना?"

सांगत बाई होत्याच, आणि पुराव्यानिशी सांगत होत्या. महिन्यापूर्वी आईने दोनदा गॅस चालू ठेवला, तेव्हापासून त्यांनी नेमच घेतला होता. रोज सकाळी साडेसातला, कामावर निघताना, खांद्याला पिशवी लावून दारात उभं राहायचं आणि पाच प्रश्न विचारायचे. आज वार कोणता? मी कोण? बाबा कुठे कामाला होते? या खोलीला खिडक्या किती? सात नि पाच किती? वेळ तीच, क्रम तोच, आवाजही तोच. नाहीतर तुलना कशी करणार? एक दिवस खाडा नाही.

पहिल्या दिवशी पाचही उत्तरं आली. वर "डोकं फिरलंय का गं तुझं?" हेही आलं. मग चार आली, मग तीन. मग नुसती मान हलायची. गेले अकरा दिवस शून्य. वहीतल्या आलेखाची रेघ उतरत उतरत तळाला टेकली होती.

"मला काय हौस आहे का?" दादाचा आवाज उतरला. "तू दिवसभर त्या किड्यांत, मी सदा फिरतीवर. एखाद्या दिवशी घर पेटलं म्हणजे?"

"एका प्रश्नाचं तरी उत्तर येऊ दे, दादा. एकाच. मग मी नोकरी सोडेन, पण तिला उंबऱ्याबाहेर जाऊ देणार नाही."

"आणि नाहीच आलं तर?"

"तर करते वृद्धाश्रमाच्या कागदांवर सही."

बुधवारी शून्य. गुरुवारी शून्य. गुरुवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बाईंनी सही केली. अक्षर नेहमीसारखंच, सुबक आलं.

शुक्रवारी त्यांनी रजा घेतली. साडेसात वाजून गेले. आता विचारून काय उपयोग होता? वही त्यांनी बॅगेच्या तळाशी टाकली, तिथल्या डॉक्टरांसाठी. वर स्वेटर, कंगवा, चष्मा, बाबांचा फोटो. दादा खाली फाटकाशी जाऊन थांबला होता.

खुर्चीवर बॅग होती, म्हणून बाई पलंगाच्या कडेवर टेकल्या.

आईचे डोळे मिटलेले होते. तिच्या गालावर भुवईचा एक केस गळून पडला होता. पांढरा, लांब, टोकाला निमुळता. कामाला हवा तस्सा. बाईंनी सवयीने हात पुढे केला आणि बोटाच्या टोकाने तो अलगद टिपला.

आईने मान वळवली.

"वार शुक्रवार," ती म्हणाली. "आणि चष्मा वरच ठेव गं, दहाच्या गाडीत लागेल."