एकाहत्तर नंबरचा खण

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या आमच्या गुरांच्या रानात दवाखाना नाही. डॉक्टर फोनवर नंबर सांगतात, आपण घरच्या औषधपेटीतून त्या नंबरची गोळी घ्यायची. काल रात्री आमचा कंडोम फाटला. सासूबाई, म्हणजे मार्लीन, रोज विचारतात, "पाळणा कधी हलणार?" म्हणून मी कोठीत लपून फोन लावला.

"एकाहत्तर नंबर, आत्ताच घे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ती स्त्रीबीज सुटणंच लांबवते, म्हणून जितकी लवकर तितकी बरी. दिवस गेल्यावर तिचा काही उपयोग नाही."

पेटी उघडली, तर एकाहत्तरचा खण रिकामा!



मागून सासूबाई म्हणाल्या, "अगं, परत मागवायची राहिलीच बघ माझ्याकडून. उद्याच्या टपालाच्या विमानाने दोन पाठवायला सांग. शनिवारी तुझे सासरे गुरं घेऊन परततायत."