काळजी नसावी

ठमीला मांडीवर थोपटता थोपटता तिची आई मोकळ्या हाताने लॅपटॉपवर टाइप करत बसायची. एका कंपनीने सगळ्यांना मोफत वापरायला दिलेली, लॅपटॉप चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम ती हौसेने मराठीत आणत होती, अर्थात फुकट. कंपनी पाठवील ती प्रत्येक ओळ मराठीत करून द्यायची. इंग्रजी सूचना तिला फार तुसड्या वाटायच्या, म्हणून त्यांत ती आठवणीने "कृपया" आणि "काळजी नसावी" घालायची. कंपनीही दरवेळी टाळ्यांचं चित्र पाठवून तिचे कष्ट फेडायची.

"कंपनी काय तुझी मावशी लागते, जन्मभर फुकट द्यायला?" सासूबाई विचारायच्या.

"अहो आई, कायम मोफत ठेवू असं वचन दिलंय त्यांनी. वाचा ना, स्वच्छ मराठीत आहे."

"मराठीत कुणी लिहिलंय?"

"मीच."

त्या वचनाच्या भरवशावर ठमीचा जन्मापासूनचा एकूण एक फोटो तिने तीच सिस्टीम घातलेल्या आपल्या लॅपटॉपवर ठेवला.

ठमीच्या पहिल्या वाढदिवसाला फोटो बघायला घरातले सगळे जमले. लॅपटॉप उघडला, तर पडद्यावर फक्त एक सूचना होती: "मोफत सेवा आता बंद झाली आहे. काळजी नसावी. कृपया पैसे भरा, आपले फोटो लगेच दिसू लागतील."

सासूबाईंनी चष्मा चढवून सूचना मोठ्याने वाचली.


"पैसे मागतायत मेले, पण बोलणं किती गोड गं! अगदी तुझ्यासारखं."