परसातला तिबोटी खंड्या

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि तिला भेटायला आलेले आमचे जावई सकाळपासून परसामागच्या ओढ्याकाठी कॅमेरा लावून बसलेले! ज्या रंगीत पाखरासाठी यांनी इतकी रानं पालथी घातली, ते म्हणे आमच्याच परसात निघालं. चहासुद्धा तिकडेच मागवला.

भात निवायला लागला तशी मीच गेले, चांगलं खडसावायचं ठरवून.

तिबोटी खंड्या समोरच फांदीवर होता. केशरी, जांभळा, मुठीएवढा जीव. चोचीत बेडकी होती, पण कॅमेऱ्याला बिचकून दरडीतल्या बिळाकडे जाईना. आत पिल्लं ओरडत होती.

जावयांनी कॅमेरा डोळ्याला लावलाच नाही. हळूच पिशवीत घातला आणि चिखलातून रांगत मागे आले. पाखरू लगेच बिळात शिरलं.

"अहो, फोटो?" मी विचारलं.

"राहू दे, आई. पिल्लं उपाशी होती."

मी पदराने त्यांच्या कपाळावरचा चिखल पुसला.

"फोटोतलं मला कळत नाही, जावईबापू, पण बाप चांगले व्हाल. नवरा म्हणून मात्र अजून कच्चे. लेक माझी तुमच्यासाठी उपाशी बसलीय!"