आठ रांगांचा फोटो

"या नळ्या कुठे सापडल्या तुला?" मॅडमनी विचारलं.

"खालच्या फ्रीजरमध्ये. बर्फ खरवडून काढल्या," लगबग म्हणाली. तिचं खरं नाव प्रयोगशाळेत कोणी घेत नसे. सहा महिन्यांपूर्वी कामाला लागल्यापासून ती सदा घाईत असायची, म्हणून लगबग.

आठ वर्षांपूर्वीच्या आठ नळ्या. आजारी पेशींतलं प्रथिन. चार औषध न दिलेल्या, चार दिलेल्या. औषधाने रोगाचं प्रथिन निम्म्यावर येतं, हे याच नळ्यांवरून दाखवून मॅडमनी नाव कमावलं होतं. सोमवारपासून ते औषध माणसांना मिळणार होतं. त्यासाठी रुग्णांना आधीची गोळी बंद करावी लागणार होती.

ऐन वेळी तपासणी समितीने शंका काढली. मुळात आठही नळ्यांत एकूण प्रथिन सारखं होतं कशावरून? तेव्हा प्रमाण सारखं असल्याच्या साक्षीला एकच प्रथिन घेतलं होतं, आणि ते इतकं ठळक उमटतं की निम्मं असलं तरी डोळ्यांना कळत नाही. आता चमकणारा रंग लावून दाखवा, समितीने कळवलं. तो रंग सगळ्याच प्रथिनांना चिकटतो. जेवढं प्रथिन, तेवढी चमक.

"दे इकडे, मी करते," मॅडम म्हणाल्या.

"नको मॅडम. ज्याचं काम त्यानेच तपासू नये, असं सर म्हणाले."

सर म्हणजे विभागप्रमुख. त्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती, मॅडमना होती. सोमवारच्या यादीत लगबगची आई होती. मॅडमनी दिवसभर लगबगवर नजर ठेवली.

लगबगने नळ्या चंदेरी कागदात गुंडाळल्या, दिवे मालवले आणि दार लावून घेतलं.

"उजेडात रंग मरतो," ती आतून म्हणाली.

ते खरंच होतं. पण अर्ध्या दिवसाचं काम संध्याकाळपर्यंत लांबलं. दाराच्या काचेतून मॅडमना संगणकाच्या मंद उजेडात दिसलं, तिने एक फोटो काढला आणि बराच वेळ डोकं धरून बसली. मग उठून दुसरी जेल, म्हणजे प्रथिनं रांगांत उतरवायची ती लिबलिबीत पातळ वडी, भरायला घेतली.

"दुसरी कशाला गं?"

"पहिली फाटली."

जेलच ती, फाटते कधीकधी. ती घरी गेल्यावर मॅडमनी कचऱ्याचा डबा उघडून पाहिला. पहिली जेल त्यात होती, चांगली अखंड. टेबलावरची पिपेट, थेंब मोजून घ्यायची नळी, वीस मायक्रोलिटरवर लावलेली होती. समितीने प्रत्येक नळीतून दहाच सांगितले होते. कुठेतरी पाणी मुरत होतं. मॅडमना रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी सरांनी फोटो टेबलावर ठेवला. आठही रांगा वरपासून खालपर्यंत सारख्याच उजळ.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला!" सर खुशीत होते. "तुमची एक सही झाली की पाठवून देतो."

"पाच मिनिटं द्या," म्हणत मॅडमनी लगबगला दंडाला धरून बाहेर जिन्यात नेलं.

"पिपेट वीसवर का होती? आणि थाप मारायची नाही."

लगबगने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग एकदम रडूच फुटलं तिला. "पहिल्या फोटोत औषधाच्या चारही रांगा फिक्या आल्या. बरोबर निम्म्या. म्हणून दुसऱ्या वेळी त्या चार मी दुप्पट भरल्या."

"अगं, पण का?"

"आईची गोळी कालपासून बंद केलीय, मॅडम. सोमवार हुकला तर तिच्याकडे काहीच नाही. नळ्या जुन्या आहेत, बर्फात काहीतरी बिघडलं असणार. तुमचं काम खोटं थोडंच असेल! तेवढ्या विश्वासावरच केलं. आता सरांना सांगायचं तर सांगा."

मॅडमनी स्वतःच्या रुमालाने तिचे डोळे पुसले.

"कोणाला काही सांगू नकोस. घरी जा, आईजवळ बस."

मग त्या आत गेल्या आणि फोटोखाली सही केली. आठ वर्षांपूर्वी औषधाच्या त्या चार नळ्या त्यांनीच निम्म्याने पातळ केल्या होत्या.