चौथी बाटली

"नाकाखाली काहीही धरू दे, 'नाही' म्हणायचं," वकीलबाईंनी दवाखान्याच्या जिन्यातच तिसऱ्यांदा बजावलं. "तोंडातून एकदा जरी 'हो' निघालं, तर समोरची पार्टी तेवढंच धरून बसेल."

"पण बाई, मला खरंच वास येत नाही."

"मला ठाऊक आहे हो! पण विमा कंपनीच्या डॉक्टरसमोर काय केलंत? बाटलीतला रंग बघून 'लवंग' म्हणून मोकळे झालात!"

नाकराव ओशाळले. झालं होतं खरं तसं. चहाच्या कंपनीत बावीस वर्षं टी-टेस्टर. शंभर वाट्या ओळीने मांडल्या, तर कुठला चहा ओलसर गोदामात राहिलाय हे ते घोट घ्यायच्या आधी सांगत. म्हणून तर ऑफिसात सगळे त्यांना नाकराव म्हणायचे. अशा माणसाला 'कळत नाही' म्हणणं जिवावर येणारच.

दीड वर्षापूर्वी एका मोटारीने वळताना त्यांच्या मोटारसायकलला उडवलं. हेल्मेटमुळे जीव वाचला, पण डोक्याला मागून असा दणका बसला की शुद्धीवर आले तेव्हा वास गेलेला. हाड मोडलं नाही, टाका पडला नाही. मग पटणार कुणाला? धडधाकट माणूस भरपाई मागतोय म्हटल्यावर लोक नाकं मुरडायचे. कंपनीने त्यांना खोक्यांवरची लेबलं तपासायला बसवलं होतं, तेही वर्षअखेरपर्यंतच. घर चालायचं तर ही भरपाई मिळायलाच हवी होती.

कोर्टाने नेमलेले डॉक्टर म्हातारे होते, मोजकंच बोलणारे. वकीलबाईंना त्यांनी बाहेर बसवलं.

"डोळे मिटा. एक नाकपुडी दाबा. वास येतोय?"

"नाही."

"आता?"

"नाही."

"आता?"

"नाही."

तिन्ही वेळा खरंच काही नव्हतं. तरी प्रत्येक वेळी नाकराव अंधारात किल्ली चाचपावी तसे आत काहीतरी शोधत राहिले.

"आणि आता? काही जाणवतंय?"

नाकाच्या मुळाशी चर्रकन टोचलं. स्पष्ट, धारदार. दीड वर्षानंतर नाकात काहीतरी शिरलं होतं! ते ओरडणारच होते, तेवढ्यात वकीलबाईंचं बोलणं आठवलं.

"नाही," ते म्हणाले आणि बाहीने पटकन डोळे पुसले.

डॉक्टरांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग बाटलीला बूच लावलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

"ठीक आहे. अहवाल उद्या दुपारी कोर्टात जाईल."

घरी पोचल्यावर नाकरावांनी बूटसुद्धा काढले नाहीत.

"अगं, आलं! नाकात आलं काहीतरी!"

बायको हातातला टॉवेल तसाच धरून मटकन खाली बसली. आधी रडली, मग हसली. या दीड वर्षात तिने काय काय पाहिलं होतं! एकदा दूध करपून भांड्याचा कोळसा झाला, घरभर धूर, आणि हे शेजारच्याच खोलीत शांतपणे पेपर वाचत बसलेले. ती उठली आणि चहाचा डबा, साबण, लिंबू, बूटपॉलिश, सापडेल ते आणून टेबलावर मांडलं. नाकरावांनी एकेक हुंगून पाहिलं. काहीच आलं नाही.

"पहिल्याच दिवशी सगळं कसं येईल?" ती म्हणाली. "येईल हळूहळू."

पण जेवताना त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

"मी डॉक्टरांशी खोटं बोललो गं. वास परत येतोय, आणि कायमचा गेला म्हणून पैसे घ्यायचे?"

"आधी वकीलबाईंना विचारा ना."

"त्या हो म्हणतील असं वाटतं तुला?"

"छे!" ती म्हणाली. "पण अहो, भरपाई गेली तर आपलं काय होईल?"

"नाक आलं की नोकरी येईल. मग कशाला हवी ती भरपाई?"

आयुष्यभर नाकासमोर चालणारा माणूस. त्याला आता काय वळवणार? "चला मग," ती म्हणाली. "सकाळी मीही येते."

सकाळी डॉक्टरांच्या टेबलावर अहवालाचं बंद पाकीट तयार होतं.

"डॉक्टर, काल मी खोटं बोललो," नाकराव उभ्यानेच म्हणाले. "चौथ्या बाटलीला मला जाणवलं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "कसला वास होता?"

"ते नाही सांगता येत. टोचलं. इथे, आत. डोळ्यांत पाणी आलं."

"आणि पहिल्या तीन बाटल्या?"

"काही म्हणजे काही नाही. शपथेवर सांगतो."

"मग काल का बोलला नाहीत?"

"भरपाई जाईल म्हणून घाबरलो. आता गेली तर गेली. माझा वास परत येतोय डॉक्टर, मला त्यात सगळं मिळालं." बायकोने त्यांचा हात घट्ट धरला.

डॉक्टरांनी पाकीट फोडून आतला कागद त्यांच्यापुढे सरकवला. शेवटची ओळ होती, 'अर्जदार ढोंग करत आहे.' दोघांनी ती वाचल्यावर डॉक्टरांनी कागद फाडून टोपलीत टाकला.

"चौथ्या बाटलीत अमोनिया होता," ते हळू आवाजात म्हणाले. "तो वासाच्या नसेला कळत नाही, दुखण्याच्या नसेला कळतो. ज्याचा वास पार गेलाय त्यालाही तो टोचतोच. त्याला 'नाही' म्हणतो तो फक्त खोटारडा."

नाकराव खुर्चीचा हात धरून सावकाश खाली बसले.

"म्हणजे यांचा वास परत येतोय ना?" बायकोने विचारलं.

डॉक्टरांनी कोरा कागद पुढे ओढला आणि मान वर न करता लिहायला घेतलं.

"भरपाई पूर्ण मिळेल, बाई."