‘रद्दी’ नावाचा फोल्डर

मृण्मयीने तिसऱ्यांदा यादी वर-खाली केली आणि वैतागून माउस आपटला. ऑपरेशनच्या आधी आईच्या आठवणी दूरच्या सर्व्हरवर चढवल्या होत्या. फोल्डरांना नावं आईनेच दिली होती. आता तिच्या थकलेल्या मेंदूला त्यांतला एकच झेपणार होता, आणि सर्व्हर नाव आणि आकार यापलीकडे काही दाखवायला तयार नव्हता.

“‘मनू’ हाच उतरवायचा ना, ताई?” तंत्रज्ञ बागवानने विचारलं. मनू म्हणजे तीच.

“तो रिकामा आहे हो! ‘लग्न’ रिकामा, ‘माहेर’ रिकामा. आणि ‘रद्दी’ बघा, अर्धा सर्व्हर व्यापलाय! जन्मभर काय रद्दी साठवली या बाईने?”

“लवकर ठरवा. दहा मिनिटांत लाइन तुटेल.”

शेजारच्या खाटेवर आई छताकडे बघत पडली होती. सकाळपासून तिने लेकीला दोनदा ‘नर्सबाई’ म्हटलं होतं. मृण्मयीला रडू आलं नाही, रागच आला. या बाईचं कधी काही जागच्या जागी सापडलंय का? सोन्याच्या बांगड्यासुद्धा कपाटात नाहीत, मेथीच्या डब्यात! का, तर चोराचा हात लागू नये.

मृण्मयी एकदम ताठ बसली.

“बागवान, ‘रद्दी’ उतरवा.”

“ताई, नक्की?”

“उतरवा म्हणते ना!”

पडद्यावरची पट्टी सरकत सरकत शंभरावर गेली. आईने मान वळवली, लेकीकडे पाहिलं, मग बागवानकडे, आणि कपाळाला आठ्या घालून कुजबुजली, “मनू, परक्या माणसासमोर उघडलास होय गं डबा?”